शेवटच्या साइझचा पिस्टन

मीटरवर एकशे एकोणचाळीस आकडा होता. माझ्या वहीत त्या जागी एकशे वीस लिहिलेलं होतं.

"बंद कर," मी म्हणाले.

ऋतुजाने स्विच दाबला. इंजिन थांबलं. कार्टची मागची चाकं स्टँडवर हवेत होती, ती जरा वेळ फिरत राहिली आणि मग थांबली. कारखान्याच्या गाडी अड्ड्यावर एकदम शांतता झाली.

"आजी, एकोणीस डिग्रीनं काय हुतंय? ऊन किती हाय बघा की."

"ऊन सकाळपासून तीन डिग्री वाढलंय. इंजिन अंदाजापेक्षा एकोणीस."

"मग मीटर खोटं बोलत आसल," तिचे वडील तात्या म्हणाले. ते कार्टपासून दहा पावलांवर उभे होते. त्याहून जवळ यायचं नाही, असं मी त्यांना सकाळीच सांगितलं होतं.

ईरा, कबीर, मागच्या रविवारी तुम्ही फोनवर विचारलंत, "आजी, रन-इन म्हणजे काय, आणि त्याला अख्खा दिवस कशाला लागतो?" तेव्हा तुमची झोपायची वेळ झाली होती आणि तुमच्या आईने फोन ठेवला. म्हणून लिहून पाठवते आहे. मराठी वाचायला तुम्हाला वेळ लागतो, हे मला माहीत आहे. सावकाश वाचा.

तुमच्या आजोबांनी आणि मी बारामतीत भिगवण रोडला अडतीस वर्षं इंजिनांचं वर्कशॉप चालवलं. पंपाची इंजिनं, मोटारसायकली, ट्रॅक्टर. आजोबा गेल्यावर मी मशीनवरचं काम दुसऱ्यांच्या हाती दिलं, पण मोजमाप माझ्याकडे ठेवलं. आठवड्यातून तीन दिवस मी अजून जाते. मायक्रोमीटर, बोअर गेज आणि वही, ही माझी हत्यारं. वहीत इंग्रजीत लिहायची सवय कॉन्व्हेंट शाळेपासूनची. आजोबा त्यावरून चिडवायचे. म्हणायचे, "आमच्या इंजिनाला इंग्रजी कळत नाही, जरा मराठीत ताप मोज."

ऋतुजा वरकुट्याची. घरात तिच्या आजोबांच्या काळापर्यंत मेंढरं होती, आता ऊस आणि डाळिंब आहे. बारा वर्षांची असल्यापासून ती उसाच्या दोन ट्रॉल्या मागे जोडून ट्रॅक्टर रिव्हर्स घ्यायची. ज्याला हे जमतं, त्याला कुठलीही गाडी जमते. कॉलेजात मुलांनी गो-कार्ट तयार केली, तेव्हा चालवायला हिला बसवलं. तिथून तिला नाद लागला. पुढे तिने एक जुनी रेसिंग कार्ट मिळवली. शंभर सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन, हवेवर थंड होणारं. तुम्ही मॉलमध्ये चालवता ती कार्ट आणि ही कार्ट यांचा काही संबंध नाही. हिचं इंजिन मिनिटाला पंधरा हजार फेऱ्यांच्या आसपास फिरतं.

पण हे इंजिन दोनदा सीझ झालं होतं. सीझ म्हणजे काय, तर पिस्टन तापून फुगतो आणि सिलिंडरमध्ये अडकून बसतो. मग सिलिंडरची आतली भिंत थोडी खरवडून मोठी करायची आणि त्या मापाचा मोठा पिस्टन घालायचा. ह्याला आम्ही बोअर करणं म्हणतो. मात्र भिंतीची जाडी मर्यादित असते. कंपनी जेवढ्या साइझचे पिस्टन देते, तेवढ्याच वेळा बोअर करता येतं. जुनी कार्ट घेतल्यावर एकदा आणि पहिल्यांदा सीझ झाल्यावर एकदा, दोन्ही वेळा बोअरचं काम आमच्याच वर्कशॉपमध्ये झालं होतं. आता तिसऱ्यांदा बसवला तो शेवटच्या साइझचा पिस्टन होता. हा अडकला तर सिलिंडर भंगारात.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला पुण्याबाहेरच्या एका ट्रॅकवर निवड चाचणी होती. दक्षिणेतली एक टीम एका वर्षासाठी दोन ड्रायव्हर घेणार होती. कार्ट आणि इंजिन ज्याचं त्याने आणायचं. ऋतुजा तेवीस वर्षांची होती. त्या टीमची वयाची वरची मर्यादा तेवीसच होती.

आता रन-इन. नव्या बोअरच्या भिंतीवर आम्ही मुद्दाम बारीक तिरप्या रेघा ठेवतो. पिस्टनच्या रिंगा त्या रेघांवर घासून भिंतीला बरोबर बसतात. त्या बसेपर्यंत इंजिन कमी जोरावर चालवायचं, पूर्ण थंड होऊ द्यायचं, पुन्हा चालवायचं, थोडा जोर वाढवायचा. प्रत्येक वेळी तापमान मोजायचं. घाई केली तर भाग बसण्याआधीच तापतात आणि अडकतात. तुम्हाला सोपं व्हावं म्हणून मी एखादी उपमा देऊ शकले असते. देत नाही. का, ते पुढे कळेल.

बारामती-इंदापूरकडे कार्टचा ट्रॅक नाही. म्हणून तात्यांनी ओळखीने एका साखर कारखान्याचा गाडी अड्डा एका दिवसापुरता मागून घेतला होता. हंगामात तिथे उसाच्या गाड्या, ट्रॅक्टर, ट्रक रांगेने उभे असतात. मे महिन्यात तिथे काँक्रीट, ऊन आणि कोपऱ्यात उडून साठलेलं पाचट, एवढंच होतं. गेटवरच्या वॉचमनने रजिस्टरमध्ये आमची नावं लिहून घेतली आणि विचारलं, "म्याडम, ह्ये खेळन्यातलं हाय का खरं?"

"खरं आहे."

"मग आत कुनी पडलंबिडलं तर मी जेवाय गेलो व्हतो आसं सांगा."

सकाळी सातला सुरुवात केली. पहिल्या वेळी इंजिन स्टँडवर आठ मिनिटं हलकं चालवलं. मीटरचा सेन्सर स्पार्क प्लगखाली वॉशरसारखा बसतो, त्यामुळे इंजिनच्या हेडचं, म्हणजे वरच्या डोक्याचं, तापमान कळतं. आकडा एकशे अठरा. माझ्या अंदाजापेक्षा जरा जास्त, पण चालण्यासारखा. पन्नास मिनिटं थंड केलं. दुसऱ्या वेळी एकशे सव्वीस. आणि धूर. निळसर-पांढरा, दाट धूर. वजनकाट्याच्या शेडपर्यंत तो जमिनीलगत पसरला.

"लय धूर मारतंय," ऋतुजा म्हणाली. "माल जास्त जातोय. नीडल एक आठवा मिटवू का?"

नीडल म्हणजे कार्बोरेटरवरचा बारीक स्क्रू, आणि आठवा म्हणजे त्याच्या फेरीचा आठवा भाग. तो मिटवला की इंजिनात पेट्रोल कमी जातं. धूर म्हणजे पेट्रोल जास्त, हा धंद्यातला पहिला धडा. मी म्हणाले, "मिटव."

तिसऱ्या वेळी एकशे एकोणचाळीस. ते मी सुरुवातीला सांगितलं.

आजोबा असते तर मोजायची गरज पडली नसती. ते लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनला लावायचे, मूठ कानाला लावायचे आणि डोळे मिटायचे. "कोरडं वाजतंय," म्हणायचे. मला ते कधीच ऐकू आलं नाही. मी मोजून बघायची, आणि वीसातून एकोणीस वेळा त्यांचंच खरं निघायचं. विसाव्या वेळेची मी आठवण करून द्यायची. त्या दिवशी मी त्यांचा स्क्रू-ड्रायव्हर पिशवीत घेतला होता. इंजिनला लावून बघितला. आवाज आला, पण तो काय सांगतोय हे कळलं नाही. मी तो परत पिशवीत ठेवला.

मी मीटरपासून सुरुवात करायचं ठरवलं. इंजिनवर आरोप करण्याआधी मोजणारं साधन तपासावं. कारखान्याचं कँटीन अर्धवट चालू होतं. तिथे चहाचं आधण ठेवलं होतं. उकळत्या पाण्यात सेन्सर बुडवला. अठ्ठ्याण्णव. आपल्या भागात, ह्या उंचीवर, पाणी अठ्ठ्याण्णवलाच उकळतं. कँटीनवाला म्हणाला, "च्याला ताप आलाय व्हय?" मीटर बरोबर होतं.

मग प्लग काढला. काळा आणि ओला. म्हणजे प्लग सांगत होता की माल जास्त जातोय. इंजिन तापत होतं, म्हणजे मीटर सांगत होतं की माल कमी जातोय. दोघांपैकी एकजण चुकत होता, किंवा मला प्रश्न नीट विचारता येत नव्हता.

"स्टँडवर वारा लागत न्हाय, म्हणून तापतंय," ऋतुजा म्हणाली. "चार लॅप मारू द्या. पळताना गार होईल."

हे बरोबर असू शकत होतं. पन्नास मिनिटं थांबलो. तेवढ्यात तात्या कुठूनतरी ओलं गोणपाट घेऊन आले. "वरनं टाकू का? लवकर गार हुईल."

"तात्या, दहा पावलं."

"बरं बरं."

कारखान्याच्या गॅरेजमधले जुने टायर मांडून आम्ही साधा रस्ता आखला होता. ऋतुजा अर्ध्या जोरावर निघाली. एक फेरी, दोन फेऱ्या. आकडा तिच्या स्टिअरिंगवरच्या डिस्प्लेवर दिसत होता. समोरून जाताना ती बोटांनी मला आकडा दाखवायची. एक-सहा, म्हणजे एकशे साठच्या वर. एक-सात. चौथ्या फेरीला एक-नऊ. मी लाल फडकं वर केलं. ती थांबली नाही. पुढच्या वळणापर्यंत गेली, आणि मी फडकं घेऊन रस्त्याच्या मध्ये जाऊन उभी राहिले. सत्तरीच्या बाईने असं करू नये. तिने ब्रेक दाबला आणि कार्ट माझ्या पायांपासून चार हातांवर थांबली.

"आजी! मेला आसता की!"

"इंजिन मेलं असतं. किती होतं?"

"एकशे शहाण्णव." मग हळूच, "वाढतच हुतं."

ती हेल्मेट काढून काँक्रीटवर बसली. दोन्ही वेळा इंजिन सीझ झालं, तेव्हा चूक आपलीच, असं ती धरून चालली होती. आपल्याला ट्यूनिंग येत नाही, आपण जोर लवकर देतो. हे तिने मला सांगितलं नव्हतं. पण हेल्मेटमध्ये बघत बसलेल्या माणसाच्या मनात काय चाललंय, ते कळतं.

मी वही उघडून बसले. इंजिनात तीन गोष्टी जातात: हवा, पेट्रोल आणि तेल. टू-स्ट्रोकमध्ये तेलाची वेगळी टाकी नसते. तेल पेट्रोलमध्येच मिसळायचं असतं. ह्या इंजिनाला पाच लिटर पेट्रोलला पाव लिटर. हवा तपासली, गळती नव्हती. पेट्रोलचा स्क्रू आम्हीच फिरवला होता. तेल राहिलं. तेल ऋतुजाने आदल्या संध्याकाळी घरी स्वतः मोजून मिसळलं होतं, म्हणून मी त्याच्याकडे बघितलंच नव्हतं.

पिकअपमध्ये साध्या पेट्रोलचा एक वेगळा कॅन होता. माझ्याकडे मोजपात्र आणि तेलाची सीलबंद बाटली होती. मी शंभर मिली पेट्रोलमध्ये पाच मिली तेल मिसळलं. वहीचं कोरं पान फाडलं. एका बाजूला माझ्या मिश्रणाचे पाच थेंब टाकले, दुसऱ्या बाजूला टाकीतल्या मिश्रणाचे पाच. पान उन्हात धरलं. पेट्रोल उडून जातं, तेल मागे राहतं. माझ्या बाजूला रुपयाएवढा डाग राहिला. टाकीच्या बाजूचा डाग पसरत पसरत पानाच्या कडेपर्यंत गेला.

"ऋतुजा, कॅनमध्ये आणखी काही घातलंस?"

"न्हाय. पाव लिटर. दोनदा मोजलं."

मी तात्यांकडे बघितलं. ते कारखान्याच्या चिमणीकडे बघत होते.

"तात्या?"

"घातलंय की," ते अगदी सहज म्हणाले. "दोन फुलपात्र. सकाळी कॅन गाडीत ठेवताना."

"कसलं?"

"फवारनीच्या पंपाचं हाय ना घरात, टू-टी. चांगलं हाय, डुप्लिकेट न्हाय."

ऋतुजा उठून उभी राहिली. "तात्या, कशाला?"

"कशाला म्हंजी? वैनींनीच सांगितलं व्हतं." ते माझ्याकडे वळले. आजोबांना ते दादा म्हणायचे, म्हणून मी वैनी. "पयल्यांदा इंजिन न्यायला आलो तवा म्या इचारलं, वैनी, रन-इन म्हंजी काय? तुमी म्हनला, तात्या, बाळंतीण समजा. जपायचं, दगदग करू द्यायची न्हाय. म्हनला व्हता का न्हाय?"

म्हणाले होते. मला जागा आठवली, दिवस आठवला, माझं हसणंसुद्धा आठवलं.

"मग बाळंतिणीला तेल-तूप जास्त लागतंय का न्हाय? आमी व्यालेल्या म्हशीला गुळातनं तेल पाजतो. पयल्या बारीला एक फुलपात्र घातलं. इंजिन बसलं जाम. म्हनलं, कमी पडलं. दुसऱ्या बारीला दीड घातलं. ह्या बारीला वाटलं, शेवटचाच पिस्टन हाय, हात आखडता घ्याया नको."

 कारखान्याच्या पत्र्यावर ऊन तडतडत होतं.

मी त्यांना समजावलं. ह्या वेळी उपमा न देता. कार्बोरेटरचं छिद्र ठरलेलं आहे. त्यातून ठरावीक मापाचा द्रव जातो. त्यात तेल जास्त झालं की तेवढं पेट्रोल कमी जातं. शिवाय तेल दाट, म्हणून तो द्रव सावकाश जातो. हवा मात्र तेवढीच येते. हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडलं की इंजिन तापतं. आणि जास्तीचं तेल धूर करतं, म्हणून बघणाऱ्याला वाटतं पेट्रोल जास्त आहे. मग तो स्क्रू मिटवून पेट्रोल आणखी कमी करतो. ऋतुजाने दोनदा तेच केलं होतं. तिसऱ्यांदा मी "मिटव" म्हणाले.

तात्यांनी टोपी काढली. "म्हंजी दोनी बाऱ्या माज्यामुळंच?"

ऋतुजा त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. "मी जाऊ नये म्हणून घातलंत का?"

"काय बोलतीस?"

"खरं सांगा. आईला तुमी म्हणाला हुता. पोरगी इतक्या लांब एकटी ऱ्हानार, त्यापरीस ह्ये इंजिन पुन्हा बसलं तर बरं. मी ऐकलंय."

"म्हनलो व्हतो." तात्यांनी टोपी हातात चुरगळली. "तू जाऊ नये आसं वाटतंय, ते खरं हाय. पन त्याच्यासाठी तेल कशाला वतू? तोंड न्हाय का मला?"

"मग सांगा तोंडानं. जाऊ नको म्हणा."

"न्हाय म्हनत."

"का?"

"न्हाय म्हनत म्हंजी न्हाय म्हनत. आता आजी काय सांगत्यात ते कर."

मी वहीत तीन ओळी लिहिल्या. जास्तीचं तेल, तात्या. मिश्रण न तपासणं, मी. गिऱ्हाईकाला बाळंतिणीची उपमा देणं, पुन्हा मी.

इंजिन थंड झाल्यावर एक्झॉस्ट काढला आणि बॅटरीच्या उजेडात पोर्टमधून, म्हणजे धूर बाहेर पडतो त्या भोकातून, पिस्टन बघितला. एका बाजूला एक उभी रेघ दिसत होती. बोट आत घालून नख फिरवलं. रेघ नखाला लागत नव्हती. लागली असती तर गोष्ट तिथेच संपली असती. दिसते पण नखाला अडत नाही, अशा रेघेवर इंजिन चालतं.

दुपारचा दीड वाजला होता. टाकी रिकामी केली, कार्बोरेटर धुतला, नवं मिश्रण मी स्वतः मोजलं. नीडल होती तिथे परत आणली आणि वर एक आठवा आणखी उघडली.

"सुरुवातीपासून," मी म्हणाले.

"आजी, परत तीनी हीट सायकल? संध्याकाळ हुईल. डायरेक्ट लॅपवर जाऊ या ना. सकाळचं धरा की त्यात."

"सकाळचं धरता येत नाही. इंजिन तुझं आहे, तुला वाटलं तर घेऊन जा. पण माझ्या वहीत जे झालं नाही, ते झालं असं मी लिहिणार नाही."

तिने पिकअपच्या टायरला एक लाथ मारली. मग स्टँड लावला.

पहिल्या वेळी एकशे सहा. धूर नावाला. मी आकडा दोनदा वाचला.

रन-इनमध्ये चालवण्यापेक्षा थांबण्याचा वेळ जास्त असतो. आम्ही काट्याच्या शेडखाली सावलीत बसलो. ऋतुजा पाठ टेकून डोळे मिटून पडली. तात्यांनी भाकरी सोडली, मिरचीचा ठेचा आणि दही काढलं.  मग त्यांनी एकदम वडिलांचं सांगायला सुरुवात केली. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन ते कोकणात उतरायचे, ते पावसाच्या आधी परत. सहा-सात महिने. फोन नाही, पत्र नाही.

"आईचं ध्यान त्या वाटंकडं आसायचं. भांडी घासताना, शेन काढताना, कवाबी. पन जाऊ नगा आसं एकदाबी म्हनली न्हाय. म्हनली आसती तर बा गेला नसता. आन हितं चाऱ्याबिगर मेंढरं मेली आसती." त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. "वैनी, तुमी पोराला म्हनला व्हता का, जाऊ नगं म्हनून?"

ईरा, कबीर, पोरगा म्हणजे तुमचे बाबा.

"नाही," मी म्हणाले.

"वाटलं व्हतं का?"

मी घड्याळ बघितलं. इंजिन थंड व्हायला अजून बारा मिनिटं होती. ती बारा मिनिटं फार सावकाश गेली. तुम्ही चार वर्षांपूर्वी आला होतात, तेव्हा कबीर, तू वर्कशॉपच्या लेथजवळ लोखंडाचा वळलेला कीस गोळा करून खिशात भरला होतास. तो अजून एका डब्यात आहे. गंजू नये म्हणून मी दर पावसाळ्याआधी त्याला तेल लावते. हे मी तात्यांना सांगितलं नाही. तुम्हालाही आजच सांगते आहे.

दुसऱ्या वेळी एकशे नऊ. तिसऱ्या वेळी एकशे अकरा. थंड झाल्यावर हेडचे नट पुन्हा ठरलेल्या जोरावर आवळले. मग लॅप. अर्ध्या जोरावर दहा फेऱ्या, थांबा. पाऊण जोरावर दहा, थांबा. ऋतुजा बोटांनी दाखवत होती: एक-पाच, एक-पाच, एक-सहा. तिथेच स्थिर. त्या इंजिनाचा आवाज मोकळ्या अड्ड्यावरून पलीकडच्या पत्र्यावर आपटून परत येत होता. बारामतीत आता टू-स्ट्रोक फारसं ऐकू येत नाही. एकेकाळी आमच्या रस्त्यावर दुसरा आवाजच नव्हता. आजोबांच्या शर्टाला जो वास असायचा, पेट्रोल आणि जळलेल्या तेलाचा, तो सगळ्या शेडभर भरला होता. मी मीटर वाचत होते, आणि दर वेळी आकडा लिहून झाला की मुद्दाम खोल श्वास घेत होते. डॉक्टरांनी हे करू नका म्हणून सांगितलेलं आहे.

साडेसहाला वॉचमन आला. "म्याडम, सातला गेट बंद. सायबाचा फोन आलाय."

शेवटचा टप्पा राहिला होता: पूर्ण जोरावर आठ फेऱ्या, आणि त्याआधी थंड होण्याची पन्नास मिनिटं. ते शक्य नव्हतं. वहीत त्या ओळीपुढे मी लाल पेनने लिहिलं, नॉट डन. ते पान फाडून ऋतुजाला दिलं.

"उद्या पहिल्या सेशनला पाऊण जोराच्या वर जायचं नाही. गाडी गार होऊ दे. दुसऱ्या सेशनला दोन-दोन फेऱ्या पूर्ण जोर, मध्ये सोडायचा. तिसऱ्यापासून गाडी तुझी."

"पहिल्या सेशनलाच टाइम बघत्यात, आजी. मी शेवटची दिसंल."

"दिसशील."

तिने पानाची घडी करून सूटच्या आत ठेवली. तात्यांनी कार्ट पिकअपमध्ये बांधली. कॅन उचलताना त्यांनी माझ्याकडे बघून त्याचं झाकण दोनदा आवळून दाखवलं.

दुसऱ्या दिवशी मी वर्कशॉपला गेले, पण काम काही केलं नाही. दोनदा तेच बोअर मोजलं. पावणेतीनला फोन आला. तात्यांचा.

"वैनी, पयल्या बारीला सगळ्यात मागं. चौदा पोरं, ही चौदावी. त्यो टीमचा मानूस माज्याशेजारीच हुबा. म्हनला, इंजिन कमजोर हाय का ड्रायवर? म्या म्हनलं, इंजिनाचं अजून काम बाकी हाय, आमच्याकडं लिखी हाय."

"मग?"

"दुसऱ्या बारीला सातवी. तिसऱ्या बारीला..." मागे कार्टचा आवाज होता. मी फोन कानाला घट्ट लावला. "तिसऱ्या बारीला दुसरी. घेतलं वैनी तिला. पंधरा दिवसांत निघायचंय."

"इंजिनचा आकडा किती होता?"

"त्ये काय इचारलं न्हाय बगा," ते म्हणाले. लगेच त्यांनी फोन ठेवला.

आकडा रात्री ऋतुजाने मेसेजवर पाठवला. एकशे सत्तर, स्थिर. मी वहीत लिहिला आणि खाली रेघ मारून ते काम बंद केलं.

ती गेली, त्याला आता वर्ष होत आलं. इंजिन तिच्याबरोबरच गेलं. सुरुवातीला ती आठवड्याला मेसेज करायची, आता महिन्याला करते. तिला वेळ नसतो, आणि ते योग्यच आहे. तात्या बारामतीत बाजाराला आले की वर्कशॉपमध्ये डोकावतात. त्यांचं काही काम नसतं. स्टुलावर बसतात, चहा घेतात आणि विचारतात, "काय वैनी, इंजिन आलं का परत?"

"नाही."

"न्हाय ना? मग बरं चाललं आसल." मग एसटीची वेळ झाली म्हणून उठतात.

आमच्या धंद्यातली गोष्ट साधी आहे. काम कच्चं राहिलं तर इंजिन महिन्याभरात दारात येतं, आणि मालकाची बोलणी बरोबर घेऊन येतं. काम पक्कं झालं तर ते पुन्हा कधी दिसत नाही, आणि त्याचं पुढे काय झालं हेही कोणी कळवत नाही. तेव्हा काम चांगलं केलेल्या माणसाने दाराकडे बघत बसू नये. मला हे अडतीस वर्षं माहीत आहे, आणि मी अजून बघते.